मूलकणांचा हिशेब आणि रोहिणी गोडबोले

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मूलकणांचं भौतिकशास्त्र' असं वाचून तिघीजणींनी सकाळीच मला विचारलं, ही छपाईची चूक आहे का? चूक नाही. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बारावीचं भौतिकशास्त्र कसंबसं पार पाडलेली बाई आहे. तुम्हाला शास्त्र शिकवायला मी उभी नाही. मला एका मुलीने गप्प केलं, तिथून हे सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

आमच्या वस्तीतल्या गटात दहावीची एक मुलगी होती. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची कामं करते. मुलीला विज्ञानात चांगले गुण पडले. घरात ठरलं, की हिने कॉमर्सला जावं, कारण सायन्सच्या क्लासची फी एकाचीच भरता येईल आणि पाठचा भाऊ पुढच्या वर्षी दहावीला आहे. असल्या घरी आपण सगळ्याच जातो. मीही गेले, आणि आपण बोलतो तसंच बोलले. म्हटलं, सायन्स घेतलं तर नर्सिंग करता येईल, लॅब टेक्निशियन होता येईल, लवकर कमाई सुरू होईल. वडील थोडे नरमले. मला वाटलं, काम झालं. मुलगी मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पण नर्सच म्हणालात." मी विचारलं, मग तुला काय करायचंय? तर म्हणे, "अणूच्या आत काय असतं, त्याच्या आत काय असतं, ते शोधायचं. असं काम बायका करतात का?"

मला एकही नाव सांगता आलं नाही. मादाम क्यूरी म्हटलं, तर ती म्हणाली, "ते पुस्तकात आहे. आपल्याकडची सांगा." आमच्या केंद्राच्या भिंतीवर सावित्रीबाई आहेत, ताराबाई शिंदे आहेत, रमाबाई आहेत. भौतिकशास्त्रातली एकही बाई नाही. मग मी शोधायला लागले आणि लाजले. ज्या बाईचं नाव मला सांगायला हवं होतं त्या पुण्यातच जन्मल्या, पुण्यातच शिकल्या आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यातच वारल्या. रोहिणी गोडबोले. वर्तमानपत्रात बातमी आली होती. मी ती वाचली असणार आणि पान उलटलं असणार.

रोहिणीताईंचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ चा. शाळा हुजूरपागा. ही शाळा १८८४ साली निघाली तेव्हा मुलींना काय शिकवावं यावर पुण्यात केवढं रण माजलं होतं, ते तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलं असेल. टिळकांच्या 'मराठा' पत्राने १८८७ मध्ये या अभ्यासक्रमावर सडकून टीका केली होती. मुलींना इंग्रजी आणि गणित कशाला, मातृभाषा, नीतीचे धडे आणि शिवण पुरे, असा एकूण सूर होता. शाळा टिकली, वाढली, हजारो मुली शिकल्या. आणि तरीही रोहिणीताई तिथे शिकत होत्या तेव्हा, म्हणजे पाऊणशे वर्षांनंतर, मुलींना सातवीपर्यंत शास्त्राऐवजी गृहविज्ञान होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र शास्त्र होतं. त्यांनी ते वेगळं बसून शिकून घेतलं. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तक्रारीच्या सुरात नाही, पण वाचताना मला टोचलीच. शाळा मुलींची, शिकवणाऱ्या बायका, हेतू चांगला, आणि तरीही मुलीला काय पेलेल हे आधीच ठरवून टाकलेलं. मी त्या रिक्षावाल्याच्या घरी बसून दुसरं काय केलं?

पुढचं झटकन सांगते. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून १९७२ साली बी.एस्सी., मुंबईच्या आय.आय.टी.तून १९७४ साली एम.एस्सी. मध्ये नॅशनल सायन्स टॅलेंटची शिष्यवृत्ती. मग अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठात १९७९ साली पीएच.डी. आल्या त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि १९८२ पासून १९९५ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात शिकवलं. त्यानंतर बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, अखेरपर्यंत. पद्मश्री २०१९ मध्ये, फ्रान्स सरकारचा सन्मान २०२१ मध्ये. मानसन्मानांची यादी मोठी आहे, ती सोडून देऊ. मला त्या मुलीला सांगायचं होतं, की ही बाई रोज सकाळी टेबलाशी बसून करायची काय. ते समजून घ्यायला मला दोन महिने लागले. एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी तीन रविवार खर्च केले, त्यांचे आभार.

तर ऐका. पदार्थ अणूंचा. अणूच्या मध्ये केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्यांच्या आत क्वार्क. क्वार्कना एकत्र बांधून ठेवणारे कण म्हणजे ग्लुऑन. हे डोळ्यांनी दिसत नाही, सूक्ष्मदर्शकानेही दिसत नाही. मग पाहायचं कसं? दोन कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आपटायचे आणि काय काय उडतं ते टिपायचं. यासाठी मोठाले त्वरक बांधतात. जिनिव्हाजवळचा सगळ्यात मोठा त्वरक जमिनीखालच्या बोगद्यात आहे आणि त्याचा घेर २७ किलोमीटर आहे. हे झाले प्रयोगवाले. रोहिणीताई त्यातल्या नव्हत्या. त्या सैद्धांतिक. म्हणजे कागद, पेन्सिल आणि संगणक घेऊन आधीच हिशेब मांडायचा, की अमुक कण अमुक ऊर्जेने आपटले तर काय बाहेर पडेल, किती वेळा पडेल, कोणत्या दिशेला पडेल. प्रयोगवाल्यांना हा हिशेब हातात नसला, तर समोर आलेल्या ढिगाऱ्यातून काय निवडायचं तेच कळणार नाही.

आता त्यांचं गाजलेलं काम. प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन. त्याला आत काही नाही, तो साधा, एकसंध, असं आपण धरतो. पण पुंजभौतिकीचा एक विचित्र नियम आहे. त्या प्राध्यापक बाईंनी मला तो बचत गटाच्या भाषेत सांगितला. गटाच्या पेटीतून कुणी पैसे हातउसने घेतले आणि महिन्याच्या मोजणीआधी परत ठेवले, तर वहीत खोट दिसत नाही. (आपल्या गटात हे करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको!) फोटॉन तसंच करतो. क्षणाच्याही लहानशा भागापुरता तो एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क अशी जोडी होतो आणि पुन्हा फोटॉन होतो. एरवी कुणाला पत्ता लागत नाही. पण नेमक्या त्या वेळी त्याची जोरात टक्कर झाली, तर त्याच्या पोटातले क्वार्क आणि ग्लुऑन समोर येतात, आणि टक्करीत भाग घेतात तेही तेच. दिसायला प्रकाशाचा कण, वागायला जवळजवळ प्रोटॉनसारखा.

फोटॉन असं करतो हे आधीपासून माहीत होतं. रोहिणीताई आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांनी त्याचा नीट हिशेब मांडला, की उच्च ऊर्जेला ही गोष्ट किरकोळ राहत नाही, भरपूर मोठी होते. नव्वदच्या दशकात जपानच्या ट्रिस्टन आणि जर्मनीत हॅम्बुर्गच्या हेरा या त्वरकांवर फोटॉनचं हे पोटातलं रूप प्रत्यक्ष दिसलं.

याचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. त्या काळात पुढच्या पिढीचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरक कसे बांधायचे याचे आराखडे चालले होते. इलेक्ट्रॉनला गोल फिरवलं, की तो वळणावर ऊर्जा गमावतो, म्हणून हे त्वरक सरळ रेषेत बांधायचे. पण सरळ रेषेत एक अडचण आहे. गोल त्वरकात कणांचे पुंजके पुन्हापुन्हा समोरासमोर येतात, इथे एकदाच. म्हणून ते पुंजके केसाच्या हजारो पट बारीक दाबायचे, म्हणजे टक्कर नक्की होईल. दाबले, की एका पुंजक्याच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे समोरच्या पुंजक्यातले इलेक्ट्रॉन वळतात आणि फोटॉन बाहेर टाकतात. या किरणांना बीमस्ट्रालुंग असं जर्मन नाव आहे. १९९१ साली ड्रेस आणि रोहिणीताईंनी दाखवलं, की हे फोटॉन आपसात टकरतील, त्यांच्या पोटातले क्वार्क बाहेर पडतील, आणि काही आराखड्यांत तर शोधक यंत्रांवर नको असलेल्या कणांचा इतका पाऊस पडेल, की जे मोजायचं ते त्यातच बुडेल. म्हणजे यंत्र बांधून होण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या हिशेबावरून त्यांनी सांगितलं, बाबांनो, इथे कचरा साठणार आहे, त्याची सोय आराखड्यातच करा. तेव्हापासून आराखडे करणाऱ्यांना हा हिशेब धरूनच चालावं लागलं.

१९९१ साली त्या कुठे होत्या? कलिन्याला, विद्यापीठात. मोठ्या संशोधन संस्थेत नव्हत्या. वर्गावर तास घेणं, पेपर तपासणं, परीक्षा, हे सगळं करणाऱ्या विद्यापीठातल्या शिक्षकाने हे काम केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे विद्यापीठात शिकवायचं आणि संस्थेत संशोधन करायचं अशी जी फाळणी आहे, तिच्यावर मी स्वतंत्र बोलू शकेन, पण आज नको.

पुढे त्यांनी बरंच काम केलं. टॉप क्वार्कवर, हिग्ज कणावर. हिग्ज कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. पण सापडला म्हणजे संपलं नाही. हा सिद्धांताने सांगितलेलाच कण का? आरशात पाहिल्यासारखं डावं-उजवं बदललं आणि कणाच्या जागी प्रतिकण घातला, तर तो तसाच राहतो की वेगळा वागतो? हे प्रयोगात ओळखायचं कसं, याच्या रीती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवल्या. महासममिती नावाच्या एका कल्पनेवर ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी २००४ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. या कल्पनेप्रमाणे प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असायला हवा. जिनिव्हाच्या त्वरकावर त्यातला एकही अजून सापडलेला नाही.

आता 'सममिती' हा शब्द आलाच आहे, तर एका दुसऱ्या बाईबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एमी नोएथर. जर्मन, ज्यू, गणिती. आज मूलकणांचं सगळं शास्त्र सममितीच्या भाषेत लिहितात, आणि त्याचा एक पाया तिने १९१८ साली घातला. तिचं प्रमेय साध्या शब्दांत असं. निसर्गाच्या नियमांत एखादी सममिती असेल, तर तिच्यामागे कुठलीतरी राशी अशी असते की जी वाढत नाही आणि घटत नाही. नियम काल, आज आणि उद्या तेच आहेत, म्हणून ऊर्जा टिकून राहते. नियम इथे आणि तिथे तेच आहेत, म्हणून संवेग टिकून राहतो. त्वरकात टक्कर झाल्यावर जमाखर्च जुळतो की नाही हे पाहतात, तो जमाखर्च मांडता येतो याचं कारण हे.

आणि या बाईचा स्वतःचा जमाखर्च? १९०७ साली डॉक्टरेट मिळाल्यावर एर्लांगेनमध्ये सात वर्षं बिनपगारी काम. १९१५ साली ग्योटिंगेनच्या मोठ्या गणितज्ञांनी आपण होऊन बोलावून घेतलं, पण बाईला अध्यापनाचा अधिकार द्यायला विद्यापीठ तयार नाही. मग काय, तासांच्या जाहिरातीवर नाव हिल्बर्ट यांचं, आणि शिकवणार ही. प्रमेय मांडलं ते याच काळात. शिकवण्याचा अधिकार १९१९ साली मिळाला. १९३३ साली हिटलरच्या सरकारने ज्यू म्हणून काढून टाकलं. अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयाने जागा दिली आणि १९३५ मध्ये ती गेली. बिनपगारी काम, काम हिचं आणि नाव त्याचं. हे ऐकताना तुमच्यातल्या कितीजणी हसल्या ते मी पाहिलं. शेतावर सातबारा कुणाच्या नावे असतो आणि खुरपं कुणाच्या हातात असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

ज्या वर्षी नोएथरला काढलं, त्याच १९३३ साली आपल्याकडे कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून पाहू, आणि तुमच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर घेतलं. त्याच संस्थेत ६२ वर्षांनी रोहिणीताई शिकवायला गेल्या, आणि नंतर तिथे प्राध्यापक झाल्या.

त्या तिथे गप्प बसल्या नाहीत, म्हणून मी आज त्यांच्यावर बोलते आहे. भारतीय विज्ञान अकादमीने स्त्री वैज्ञानिकांच्या प्रश्नांसाठी मंडळ नेमलं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. राम रामस्वामी यांच्याबरोबर त्यांनी २००८ साली 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. त्यात सुमारे शंभर भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या कहाण्या आहेत, बऱ्याच त्यांनी स्वतःच लिहिलेल्या. आणि २०१० साली एक अहवाल आला. तो अनिता कुरुप आणि इतरांसह त्यांनी केला. पीएच.डी. करूनही विज्ञानातून बाहेर पडलेल्या बायका कुठे गेल्या आणि का गेल्या, हे त्यांनी त्या बायकांनाच विचारलं.

आपलं सगळ्यांचं उत्तर तयार असतं, लग्न झालं, मुलं झाली, घरासाठी सोडलं. अहवालात निघालं वेगळं. घर आणि मुलं हे मुख्य कारण नव्हतंच. बायकांना काम करायचं होतं, नोकरी मिळाली नव्हती. हे वाचून मला आमच्या वस्तीतल्या शिलाई कारखान्यातल्या बायका आठवल्या. मालक म्हणायचा, लग्न झालं की सोडून जातात. आम्ही घरोघर जाऊन विचारलं, तर निम्म्याहून जास्त बायका म्हणाल्या, आम्ही नाही सोडलं, गरोदरपणात आम्हाला परत बोलावलंच नाही. शिक्षण पहिलीपासून पीएच.डी.पर्यंत कितीही असो, बाई बाहेर पडली की 'तिने सोडलं' असंच म्हणतात. 'तिला ठेवलं नाही' असं क्रियापद कुणी वापरत नाही.

म्हणून रोहिणीताईंचा आग्रह असा, की बायकांना धीर देणारी व्याख्यानं पुरेशी नाहीत, संस्थांचे नियम बदला. नेमणुकीच्या वयाच्या अटी, पाळणाघर, नवरा-बायकोंना एका संस्थेत नोकरी न देण्याचे अलिखित संकेत. भौतिकशास्त्रात तर गरज फारच. १९०१ पासून २०२५ पर्यंत भौतिकशास्त्राचं नोबेल पाच बायकांना मिळालं आहे. मेरी क्यूरीनंतर दुसरी यायला ६० वर्षं लागली, आणि त्या दुसरीने, मारिया ग्योपर्ट-मायरने, नवरा प्राध्यापक आहे म्हणून कितीतरी वर्षं बिनपगारी काम केलं.

एक गोष्ट मात्र मला बोलायलाच हवी. त्या पुस्तकातल्या कहाण्या वाचताना माझ्या मनात सारखं येत होतं, की यातल्या बऱ्याच घरांत पुस्तकं होती. आई शिकलेली, नाहीतर वडील पाठीशी उभे. भांडण होतं ते मुलगी म्हणून. आमच्या मुलीचं भांडण मुलगी म्हणून आहे, शिवाय फीचं आहे, शिवाय जातीचं आहे, आणि मोरीत पाणी आलं की पुस्तक उचलून ठेवायचं आहे. सगळ्याच वैज्ञानिक बायकांची वाट एकसारखी अवघड, असं म्हणणं मला पटत नाही. रोहिणीताईंचं मोठेपण याने कमी होत नाही. पण भिंतीवर त्यांचा फोटो लावताना आपण हा प्रश्न झाकून ठेवू नये.

फोटो आम्ही लावला आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. क्लास नाही. त्या निवृत्त प्राध्यापक बाई रविवारी तिला आणि आणखी दोघींना शिकवतात. भावाच्या फीचा प्रश्न यंदा पुन्हा उठणार आहे आणि तेव्हा काय होईल, ते मला माहीत नाही. मागच्या रविवारी मी हे सगळं भाषण तिच्यापुढे करून पाहिलं. बचत गटाच्या पेटीपाशी ती हसली. महासममितीपाशी तिने मला थांबवलं. "ताई, ते जोडीदार कण सापडलेच नाहीत, तर त्यांनी इतकी वर्षं केलेला हिशेब फुकट गेला का?" मी म्हटलं, कुठे नाहीत हे कळायलाही कुणीतरी हिशेब मांडायलाच लागतो. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती वही घेऊन बाईंकडे गेली, आणि दोघी तासभर काहीतरी बोलत बसल्या. त्यातलं मला फारसं कळलं नाही.

'लीलावतीज् डॉटर्स'ची एक प्रत मी आणली आहे. मूळ इंग्रजी आहे. त्यातल्या चार कहाण्या आम्ही मुलींसाठी मराठीत करून वहीत लिहून काढल्या आहेत. ज्यांना गटासाठी हव्या असतील त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याकडून वही घ्या, आणि रजिस्टरमध्ये नाव लिहा. मागच्या वेळी दोन वह्या परत आल्या नाहीत.